कॉइलमध्ये काय घातलं की इंडक्टन्स किती बदलतो: घरच्या घरी करून बघायची पद्धत

आमच्या रत्नागिरीला मांडवीच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात, तिथली वाळू काळी म्हणून. लहानपणी फुटक्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून आम्ही त्या वाळूतून ओढत न्यायचो आणि चुंबकाला काळी दाढी फुटायची. तेव्हा नुसती गंमत होती. पुढे दुरुस्तीच्या कामाला लागलो, चोक (करंटची चढउतार अडवणारी कॉइल) नि ट्रान्सफॉर्मर रोज हाताखालून जायला लागले, आणि एक दिवस डोक्यात आलं की ही वाळू कॉइलमध्ये भरली तर काय होईल. मग वाळूच कशाला, बोल्ट, पितळेची सळई, जुन्या रेडिओतली फेराइटची (लोखंडाच्या ऑक्साइडच्या चुंबकीय सिरॅमिकची) कांडी, जांभ्याचा तुकडा, जे हाताला लागेल ते घालून बघितलं. आज ते सगळं लिहून काढतोय, कारण माझा भाचा डिप्लोमाला आहे आणि त्याला पाठ आहे की पर्मिएबिलिटी (वस्तूतून चुंबकीय रेषा किती सहज जातात ते) जास्त तर इंडक्टन्स (कॉइल बदलत्या करंटला किती अडवते ते माप) जास्त, पण तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, चार्जरमधली जळलेली रिंग हातात दिली की कुठली लावू मामा म्हणून विचारतो. त्याचं उत्तर पुस्तकातल्या एका आकड्यात मिळत नाही. कोअर, म्हणजे कॉइलच्या आतली वस्तू, कॉइलमध्ये घालून मोजायला लागतो, आणि हे मोजायला महागडं मीटर लागत नाही, म्हणून तीच पद्धत आधी सांगतो.

आधी कॉइल. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतली १० मिलीमीटर जाडीची फेराइट कांडी घ्या, तिच्यावर जाड कागदाची पट्टी गुंडाळून फेव्हिकॉलने नळी करा, आतली कांडी सहज सरकली पाहिजे एवढी सैल ठेवा (पावसाळ्यात कागद फुगतो आणि कांडी अडकते, तेव्हा वरून थोडं वॉर्निश मारा). त्या नळीवर २६ गेजची वाइंडिंग वायर, ५ सेंटीमीटर लांबीत एका थरात १०० वेढे, असे तीन थर, म्हणजे ३०० वेढे. सगळे एकाच दिशेने. थर बदलताना मध्ये कागदाचा एक पदर द्या. साधारण १२-१३ मीटर वायर जाते, टोकाचं इनॅमल ब्लेडने नीट खरवडा, लोक इथेच चुकतात आणि मग कॉइल ओपन आहे म्हणून बसतात.

आता मोजायचं. एलसीआर मीटर (इंडक्टन्स थेट दाखवणारं) असेल तर उत्तमच, नसेल तर सिलिंग फॅनचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नवा आणा. नवाच आणा, जुना पंख्यातून काढलेला चार्ज धरून बसलेला असू शकतो आणि त्याचे मायक्रोफॅरडही उतरलेले असतात. हा कपॅसिटर कॉइलला पॅरलल जोडायचा. मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकटचं अॅप टाका, हेडफोनच्या पिनमधून सिग्नल काढा, मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घालून तो कॉइल-कपॅसिटरच्या जोडीला द्या. जोडीच्या दोन टोकांवर जुन्या रेडिओतला जर्मेनियम डायोड, ओए ७९ किंवा तसलाच, आणि त्याच्यापुढे एक छोटा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्या छोट्या कपॅसिटरवर मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावायचा. सरळ एसी रेंजवर का नाही, तर स्वस्तातले मल्टीमीटर काही किलोहर्ट्झला गेले की एसी नीट दाखवतच नाहीत. मेन्सच्या विजेशी यातलं काहीही जोडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

आता अॅपवरची फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत न्या. एका ठिकाणी मीटरचं रीडिंग चढतं आणि पुन्हा उतरतं, ते टोक म्हणजे रेझोनन्स, कॉइल-कपॅसिटरची जोडी ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जोरात दाद देते ती जागा. मोकळ्या कॉइलला, आत फक्त हवा असताना, माझ्याकडे ते टोक ६.५ किलोहर्ट्झला आलं. यावरून इंडक्टन्स काढायचं सूत्र असं, २५३३० ला फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने भागा (फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये), मग कपॅसिटरच्या मायक्रोफॅरडने भागा, उत्तर मायक्रोहेन्रीत येतं. ६.५ चा वर्ग ४२.२५, गुणिले २.५ म्हणजे साधारण १०६, म्हणजे इंडक्टन्स २४० मायक्रोहेन्रीच्या आसपास. व्हीलरचं १९२८ सालचं एक सूत्र आहे हवेच्या कॉइलसाठी, त्याच्या अनेक थरांच्या रूपात मापं घालून बघितलं तर तेही जवळपास २४० च देतं, तेव्हा पद्धतीवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आणि एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा म्हणजे कॅल्क्युलेटरही लागणार नाही. कॉइल तीच, कपॅसिटर तोच, फक्त आतली वस्तू बदलली, तर फ्रिक्वेन्सी निम्म्यावर आली म्हणजे इंडक्टन्स चौपट झाला, तिसऱ्या हिश्श्यावर आली म्हणजे नऊपट. कपॅसिटरवर छापलेला आकडा पाच टक्के खोटा असला तरी या पटीत काही फरक पडत नाही.

पहिल्यांदा फेराइटची कांडी. ती आत सरकवायला लागलात की टोक खाली पळतं, बोटाने कांडी ढकलत ढकलत अॅपवर टोक शोधत बसायचं, आणि कांडी बरोबर मध्यावर आली तेव्हा माझं टोक १.७ किलोहर्ट्झला थांबलं. म्हणजे साडेतीन हजार मायक्रोहेन्री, हवेच्या पंधरापटीला थोडं कमी. इथे भाच्याने लगेच विचारलं की मामा, या फेराइटची पर्मिएबिलिटी काहीशे असते ना, मग काहीशे पट का नाही झाला. बरोबर प्रश्न आहे आणि सगळी गोम इथेच आहे. कांडीच्या आतून चुंबकीय रेषा आरामात जातात, पण कांडी संपली की त्यांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाहेरून हवेतूनच परत यायचं असतं. आपल्या घाटरस्त्यासारखं आहे, चौपदरी कितीही गुळगुळीत झाला तरी मधल्या अरुंद पुलावर गाड्या अडकल्या की पोचायचा वेळ पूल ठरवतो. कांडी लांब आणि बारीक असेल तर इंडक्टन्स जास्त वाढतो, आखूड आणि जाड असेल तर मटेरियल कितीही भारी आणा, हवाच ठरवणार.

हेच रिंगमध्ये बघा. रिंग म्हणजे बंद रस्ता, हवेत बाहेर पडायची गरजच नाही. जळलेल्या एसएमपीएसच्या (कॉम्प्युटर-चार्जरमधल्या स्विचिंग पॉवर सप्लायच्या) इनपुटला जी फेराइटची रिंग असते, दोन वेगळ्या वाइंडिंगवाली, तिच्यावरची जुनी वायर काढून नुसते दहा वेढे मारा. दोनशे-तीनशे मायक्रोहेन्री सहज मिळतात, जे आपल्या हवेच्या कॉइलला ३०० वेढ्यांत मिळाले होते. वेढ्यांचा हिशोब वर्गाने चालतो, दुप्पट वेढे केले तर चौपट इंडक्टन्स, म्हणून वीस वेढे मारलेत तर हजाराच्या आसपास जाल.

आता लोखंड. कॉइलच्या भोकात तीन सुती (३/८ इंची) बोल्ट बसतो, दहा सेंटीमीटर लांबीचा घ्या, डोकं बाहेर राहू द्या. माझं टोक ३.६ किलोहर्ट्झला आलं, म्हणजे ७८० मायक्रोहेन्रीच्या आसपास, सव्वातीन पट. लोखंड म्हणजे चुंबकाचा राजा असं आपल्याला वाटतं, आणि ते फेराइटच्या कांडीपुढे एवढं मागे का पडलं? बोल्ट कांडीपेक्षा आखूड होता हे एक कारण, पण मोठं कारण दुसरं. मीटरकडे नीट बघा, टोकच बसलेलं असतं, फेराइटला जसा सुळका येतो तसा नाही, कासवाच्या पाठीसारखा पसरट येतो. लोखंड वीज वाहून नेतं, त्यामुळे बदलत्या चुंबकीय क्षेत्रात त्याच्या आत एडी करंट फिरायला लागतात, खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीला भोवरे पडतात तसे, आणि ते भोवरे मूळ क्षेत्राला विरोध करतात. परिणाम असा की क्षेत्र बोल्टच्या फक्त कातडीत राहतं, आतला सगळा गाभा रिकामा. साध्या पोलादाला १ किलोहर्ट्झला ही कातडी अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही कमी जाड असते आणि १०० किलोहर्ट्झला तिच्या दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून एलसीआर मीटरवाल्यांनी हाच बोल्ट आधी १ किलोहर्ट्झला मोजावा आणि मग १०० किलोहर्ट्झला, बोल्ट तोच, कॉइल तीच, आणि इंडक्टन्सची वाढ एका आकड्याला चौपटीच्या घरात तर दुसऱ्याला जेमतेम दीडपट दिसेल. कोअरचा आकडा सांगताना फ्रिक्वेन्सी सांगितली नाही तर त्या आकड्याला काही अर्थ नाही, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं आणि तेव्हापासून कुणी नुसतं किती हेन्री म्हणाला की आधी विचारतो, कितीला मोजलंस.

यावर इलाज काय ते बघायला बांधकामावरची बाइंडिंग वायर आणा, स्लॅबच्या सळ्या बांधायची मऊ काळी तार. तिचे दहा-दहा सेंटीमीटरचे सरळ तुकडे कापा, प्रत्येकाला वॉर्निश मारून वाळवा (कंटाळवाणं काम आहे, पण वॉर्निश शिवाय मजा नाही), आणि जुडी करून भोकात घट्ट भरा. लोखंड आता बोल्टपेक्षा कमी आहे, मध्ये फटी आहेत, तरी टोक २.५५ किलोहर्ट्झला आलं, म्हणजे दीड हजार मायक्रोहेन्रीच्या वर, साडेसहा पट! भोवऱ्यांना फिरायला जागाच ठेवली नाही म्हणून. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या, ज्यांना आपण स्टॅम्पिंग म्हणतो, त्या अर्ध्या मिलीमीटरच्या किंवा त्याहून पातळ का असतात आणि त्यांच्यावर तो करडा थर का असतो, याचं उत्तर या जुडीत आहे. ५० हर्ट्झला सिलिकॉन स्टीलच्या पट्ट्या झकास, पर्मिएबिलिटी काही हजार आणि दीड टेस्लापर्यंत (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या दाटपणाचं माप) आरामात चालतात. किलोहर्ट्झमध्ये गेलात की पट्टीचं काम संपलं आणि फेराइटचं सुरू झालं.

इथे आपल्या हवेबद्दल एक बोलायला हवं. खारं वारं लागून स्टॅम्पिंग गंजतात, गंज पट्ट्यांच्या मध्ये फुगतो, पट्ट्या ढिल्या होतात आणि ट्रान्सफॉर्मर भुणभुण करायला लागतो. मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावरून येणाऱ्या मालात हे दर पावसाळ्यानंतर ठरलेलं. फेराइट मुळात ऑक्साइडच असल्यामुळे त्याला गंजाची भीती नाही, त्याला भीती पडण्याची, टेबलावरून पडलं की खापरीसारखं तुटतं.

अॅल्युमिनियमची सळई घाला. माझ्याकडे टोक खाली यायच्या ऐवजी वर गेलं, ८.६ किलोहर्ट्झ, म्हणजे इंडक्टन्स २४० वरून १३७ च्या आसपास उतरला. पितळेने ८.१ ला आणलं, जरा कमी उतार, कारण पितळ अॅल्युमिनियमपेक्षा वीज कमी वाहून नेतं. पहिल्यांदा हे बघून मी जोडणी चुकली म्हणून दोनदा तपासली होती. चुकली नव्हती. या धातूंना चुंबकाशी देणंघेणं नाही, त्यांची पर्मिएबिलिटी हवेएवढीच, पण भोवरे मात्र जोरात फिरतात आणि क्षेत्राला आतून बाहेर ढकलतात, म्हणजे कॉइल जणू बारीक झाली. याचा उपयोगही करतात, जुन्या टीव्ही ट्यूनरसारख्या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या कॉइलमध्ये पितळेचा स्क्रू आत-बाहेर करून इंडक्टन्स कमी-जास्त केला जातो. रेडिओच्या आयएफ (आतल्या ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) कॉइलमध्ये फेराइटचा स्लग, म्हणजे फिरवायचा तुकडा, आत गेला की इंडक्टन्स वाढतो आणि पितळेचा गेला की घटतो, हे लक्षात न घेता स्क्रू फिरवणारे बरेच बघितलेत. स्टेनलेस स्टीलचं मात्र चुंबक लावून बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही, होडीवर जे ३०४ चे बोल्ट वापरतात ते चुंबकाला जवळजवळ चिकटतच नाहीत आणि कॉइललाही त्यांची फारशी दखल नसते, ४३० असेल तर चिकटतं.

फणसाचं लाकूड, प्लास्टिक, काचेच्या नळीत भरलेलं समुद्राचं पाणी, यातल्या कशानेही टोक हललं नाही. पाण्याचं मला वाटलं होतं काहीतरी होईल, खारं पाणी वीज वाहून नेतं, पण या फ्रिक्वेन्सीला धातूच्या मानाने ते अगदीच नगण्य. जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा घासून गोल केला आणि घातला, त्यात एवढं लोखंड की हात लाल होतात, तरी मीटर ढिम्म. लोखंड असणं वेगळं आणि ते चुंबकीय रूपात असणं वेगळं, जांभ्यातलं लोखंड बहुतेक गंजाच्या जातीचं आहे.

आणि आता ती काळी वाळू. मूठभर आणली, गोड्या पाण्यात दोनदा धुऊन वाळवली, मग चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवलं, जे चिकटलं ते वेगळं झटकलं (पिशवी नाही घातलीत तर चुंबक साफ करता करता जन्म जाईल). आपल्या किनाऱ्याच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही असतात, सह्याद्रीच्या काळ्या दगडातून नद्यांनी आणलेले. इल्मेनाइट चुंबकाला फार कमी दाद देतं, जोरात चिकटतं ते मॅग्नेटाइटच्या जातीचं. तेवढंच पातळ प्लास्टिकच्या नळीत ठासून भरलं आणि कॉइलमध्ये घातलं. टोक ६.५ वरून ५.८ ला आलं. २४० चे ३०० मायक्रोहेन्री. न चाळलेली वाळू भरली तेव्हा जेमतेम काटा हलला होता.

सव्वापट म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण टोकाचा आकार बघा, सुळका जसाच्या तसा, बोल्टसारखा बसला नाही. प्रत्येक कण वेगळा, शेजाऱ्याला टेकला तरी त्यातून वीज धड जात नाही, म्हणून मोठे भोवरे नाहीत. पण कणाकणांत हवा आहे म्हणून इंडक्टन्सही फार वाढत नाही. कारखान्यात आयर्न पावडरची रिंग करतात ती याच तत्त्वावर, लोखंडाचा अगदी बारीक भुगा, प्रत्येक कणावर इन्सुलेशन, चिकटवून दाबलेला. ती पिवळी रिंग जिची एक बाजू पांढरी असते, कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये बघितली असेल, तिची पर्मिएबिलिटी ७५ च्या आसपास. रेडिओच्या कामाच्या लाल रिंगची तर फक्त १०. फेराइटच्या हजारांपुढे ७५ म्हणजे काहीच नाही असं मलाही वाटलं होतं आणि त्याची किंमत मोजलेली आहे, ती गोष्ट आता सांगतो.

एका होडीच्या बॅटरी चार्जरमधला आउटपुटचा चोक जळाला होता, पिवळी रिंग भाजून काळी पडलेली. तशी रिंग हाताशी नव्हती. त्याच मापाची फेराइटची हिरवी रिंग होती, मीटरवर मोजून मी तेवढाच इंडक्टन्स बसवला, ३६ मायक्रोहेन्री, आणि त्याला फक्त तीन वेढे लागले. जाड वायरचे तीन वेढे, थंड राहील म्हणून खूश होतो. टेबलावर एक अँपिअरला चार्जर मस्त चालला. होडीवर बॅटरी उतरलेली, चार्जरने दहा अँपिअर ओढायला घेतले आणि मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) उडाला, रात्री, किनाऱ्यापासून लांब. माणसं सुखरूप आली, पण तांडेल दुकानात आला तेव्हा त्याने आवाज चढवला नाही, चार्जर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, दिवे नव्हते रात्रभर." ते मला अजून ऐकू येतं.

नंतर बसून हिशोब केला तो असा. कोअरमधलं क्षेत्र किती टेस्ला होणार, तर इंडक्टन्स गुणिले करंट, भागिले वेढे गुणिले कोअरचा छेद. छेद ४० चौरस मिलीमीटर, वेढे ३, इंडक्टन्स ३६ मायक्रोहेन्री. दहा अँपिअरला हे ३ टेस्ला येतं. फेराइट ०.३ ते ०.५ टेस्लालाच तुडुंब भरतं, पुढे त्यात रेषा मावत नाहीत, म्हणजे सॅच्युरेट होतं, आणि सॅच्युरेट झालेला कोअर म्हणजे हवाच. माझी रिंग सव्वा-दीड अँपिअरच्या आतबाहेरच भरली होती, तिथून पुढे चोक नावाचं काही सर्किटमध्ये उरलंच नव्हतं. पिवळ्या रिंगला तेवढ्याच इंडक्टन्ससाठी वीस-पंचवीस वेढे लागतात म्हणजे तेवढं क्षेत्र विभागलं जातं, वर लोखंडाचा भुगा फेराइटच्या दुपटीहून जास्त क्षेत्र पेलतो आणि भरतानाही एकदम नाही, हळूहळू भरतो. ज्या चोकमधून डीसी करंट जाणार आहे तिथे कमी पर्मिएबिलिटी हाच गुण आहे. मीटर हे दाखवत नाही, मीटर काही मिलिअँपिअरला मोजतो.

म्हणून आता रिंग बदलताना मी दोनदा मोजतो. एकदा नुसती, आणि एकदा चोकमधून डीसी सोडून. त्यासाठी आपल्या रेझोनन्सच्या जोडणीवर त्याच रिंगवर दुसरं एक वाइंडिंग मारा, चोकला जेवढे वेढे तेवढेच, त्यात बॅटरीतून एक मोठा चोक आणि रेझिस्टर मध्ये घालून डीसी द्या (मध्ये मोठा चोक नसेल तर बॅटरीच सिग्नलला शॉर्ट करते आणि रीडिंग खोटं येतं). डीसी वाढवत जा, टोक वर सरकायला लागलं म्हणजे इंडक्टन्स पडायला लागला. जिथे सरकायला लागलं तिथपर्यंतच त्या कोअरचा भरवसा. आणि या मापासाठी रिंगवर ३० वेढे तरी मारा, पिवळ्या रिंगचा इंडक्टन्स इतका कमी असतो की दहा वेढ्यांत टोक मोबाइलच्या आवाक्याबाहेर जातं.

फेराइटच वापरायचं असेल आणि डीसीही असेल तर कोअरला फट ठेवतात. ई आकाराच्या दोन कोअरमध्ये कागदाचा तुकडा ठेवून करून बघा, विश्वास बसणार नाही एवढा फरक पडतो. हिशोब असा की मटेरियलची पर्मिएबिलिटी २०००, चुंबकीय रस्त्याची लांबी १०० मिलीमीटर आणि फट एक दशांश मिलीमीटर, म्हणजे वहीच्या कागदाएवढी, तर एकूण परिणाम २००० चा ६६७ होतो. फट एक मिलीमीटर केली तर ९५. त्या एका मिलीमीटर हवेने २००० चं फेराइट पावडरच्या रिंगच्या पंगतीत आणून बसवलं. जुन्या ट्यूबलाइटच्या तांब्याच्या चोकमध्ये पट्ट्यांच्या मध्ये जी फट असते, ती याच कामाची, चोक उघडून कुणी ती नको म्हणून घट्ट बसवू नका. आणि तुटलेला ई कोअर फेविक्विकने जोडताना गोंदाचा थर जाड बसला तर तीही फटच. कांडी तुटली तर तेवढं बिघडत नाही, तिचा अर्धा रस्ता आधीच हवेतला.

या मोजमापांच्या जवळपास लोखंडी काही ठेवू नका, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, लोखंडी टेबलाचा पत्रा, सगळं कॉइलला दिसतं. याबाबतीत मला आपल्या अलिबागच्या वेधशाळेचं नेहमी आठवतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणं बिघडणार हे ओळखून १९०४ साली ती अलिबागला आणली आणि तिथली इमारत लोखंड टाळून, चुंबकीय नसलेला दगड पारखून बांधली. आपला काळा दगड किंचित चुंबकीय असतो, म्हणून नुसता दगड आहे म्हणून भागणारं नव्हतं. आपण एवढं नाही करणार, पण लाकडी पाट घेऊन त्यावर मोजायला काय हरकत आहे.

शेवटी ती रेडिओची कांडी वाया घालवू नका. कागदाच्या नव्या नळीवर एका थरात सत्तरेक वेढे मारा, कांडीवर मधोमध ३०० मायक्रोहेन्रीच्या जवळ बसतात. ११४३ किलोहर्ट्झ, म्हणजे रत्नागिरी आकाशवाणीची मीडियम वेव्हची फ्रिक्वेन्सी, ती धरायला ३०० मायक्रोहेन्रीला ६५ पिकोफॅरड लागतात, जुन्या गँगमध्ये (स्टेशन लावायच्या फिरत्या कपॅसिटरमध्ये) ते आरामात मिळतात. मग गँग तिथेच ठेवून नळी कांडीवरून टोकाकडे सरकवा, टोकाकडे जाईल तसा इंडक्टन्स कमी होतो कारण वेढ्यांच्या एका बाजूला फेराइट संपलेलं असतं, मध्याकडे आणाल तसा वाढतो. अर्धा मिलीमीटर इकडे, अर्धा तिकडे, आणि आवाज जिथे सगळ्यात भरून येईल तिथे मेणबत्तीचा एक थेंब टाकून नळी चिकटवा.